आपले दुसरे भा. रा.

ग्वाल्हेरात कोणी नुसते भा. रा. म्हटले की आपल्याला तांबे आठवतात. मुंगावलीला जन्मलेले, ग्वाल्हेर दरबारचे राजकवी झालेले आणि याच गावात देह ठेवलेले भास्कर रामचंद्र तांबे. पडावाहून फुलबागेकडे निघाले की झाशीच्या राणीची समाधी लागते. त्या जागेवर तांब्यांनी लिहिलेली कविता आपल्यापैकी अनेकांच्या आईला, आजीला तोंडपाठ असे. त्यांची पुण्यतिथी, त्यांच्या गीतांचे कार्यक्रम आपण आपुलकीने करत आलो आहोत आणि ते योग्यच आहे.

पण मराठीत आणखी एक भा. रा. होऊन गेले, आणि तेही आपल्याच बाजूचे. भास्कर रामचंद्र भागवत. स्वतःचे नाव तेच, वडिलांचे नाव तेच. एक जन्मले मुंगावलीला, दुसरे इंदूरला. तारखांचाही योग असा, की तांब्यांचा जन्म २७ ऑक्टोबरचा आणि भागवत गेले तेही २७ ऑक्टोबरलाच, २००१ साली. तांब्यांना आपण विसरलो नाही. भागवतांची आठवण मात्र आपल्या मंडळींत फारशी निघत नाही, म्हणून हा लेख.

लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नातवाने सहज विचारले, की मराठीत फक्त संतांच्या आणि किल्ल्यांच्याच गोष्टी असतात का, अंतराळयानाच्या, पाणबुडीच्या नसतात का. प्रश्न साधा होता, पण आम्हाला लागला. कारण उत्तर आम्हाला माहीत होते, पुस्तके आमच्याच कपाटात होती, आणि ती त्याच्या हाती देण्याचे आम्हाला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

धूमकेतूच्या वर्षी जन्म

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० चा. हे वर्ष हॅलेच्या धूमकेतूचे. त्या मे महिन्यात हा धूमकेतू जगभर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता आणि १९ मेच्या सुमारास पृथ्वी त्याच्या शेपटाजवळून गेली. लोक फार घाबरले होते. शेपटातल्या विषारी वायूने माणसे मरतील अशा अफवा युरोप-अमेरिकेतही उठल्या होत्या. प्रत्यक्षात काहीच झाले नाही. पुढे दहा-बारा दिवसांनी इंदूरच्या एका मराठी घरात जन्मलेल्या मुलाने मोठेपणी धूमकेतूवरून प्रवास करणाऱ्या माणसांची कादंबरी मराठीत आणली, हा योगायोग आम्हाला नेहमी गमतीचा वाटतो. सुमारे ७६ वर्षांनी, १९८६ मध्ये, हॅलेचा धूमकेतू पुन्हा आला तेव्हा भागवत पंचाहत्तरीत होते.

त्याच १९१० साली आणि त्याच इंदुरात, फेब्रुवारी महिन्यात, दुर्गाबाई भागवतांचा जन्म झाला. एकाच वर्षी एकाच गावाने मराठीला दोन भागवत दिले. एकीने लोकसाहित्य आणि ललित निबंध समृद्ध केला, दुसऱ्याने मुलांचे वाचन.

होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर यांत आपण कितीही थट्टेने स्पर्धा लावली, तरी दोन्हीकडच्या मराठी घरांची रीत एकच. घरात मराठी, बाजारात हिंदी, कागदोपत्री इंग्रजी. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते, की एकच वस्तू तीन भाषांत तीन तऱ्हांनी सांगता येते आणि ज्याला सांगायची त्याच्या भाषेत सांगितली तरच ती पोचते. भागवतांची हयात पुढे मुंबई-पुण्याकडे गेली. पण परकी गोष्ट आपलीशी करून सांगण्याची त्यांची हातोटी पाहिली की आम्हाला मूळचे इंदूर आठवते.

व्हर्न मराठीत आला

आज ज्याला आपण विज्ञानकथा म्हणतो, तो प्रकार मराठीत आला तो ज्यूल व्हर्नचे बोट धरून. व्हर्न फ्रान्सच्या नांत गावचा, जन्म १८२८. वडील वकील, त्यांना मुलाने वकिली करावी असे वाटे. मुलगा पॅरिसला जाऊन नाटके लिहू लागला आणि पोटासाठी काही वर्षे शेअरबाजारात दलालीच्या पेढीवर बसला. सकाळी लेखन आणि मग बाजार. आमच्यासारख्या खतावणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा तपशील वाचून बरे वाटते. १८६३ मध्ये बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची त्याची कादंबरी गाजली आणि मग त्याने मागे पाहिले नाही.

मराठीत व्हर्नची चंद्राच्या सफरीची कथा प्रथम १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून आली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी संपादित केलेले हे मासिक सुरू झाले ते थेट कोचीनला. म्हणजे मराठीतल्या या प्रकाराचे पहिले पाऊल उमटले तेही महाराष्ट्राबाहेर सुरू झालेल्या मासिकात. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र व्हर्न मराठी मुलांच्या घरचा झाला तो भा. रा. भागवतांमुळे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची रूपांतरे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. ही शब्दाला शब्द ठेवून केलेली भाषांतरे नव्हेत. मराठी मुलाला ओळखीची वाटेल अशा भाषेत सांगितलेल्या त्या गोष्टी आहेत.

नुसती नावे पाहिली तरी कसब कळते. चंद्राच्या प्रवासाला त्यांनी सफर म्हटले नाही, यात्रा म्हटले नाही, स्वारी म्हटले. मराठ्यांच्या मोहिमेचा हा शब्द ऐकताच मुलाच्या डोळ्यांपुढे घोडदळ, तोफा आणि धाडस उभे राहते. व्हर्नच्या कथेत माणसे तोफेतूनच चंद्राकडे जातात, तेव्हा शब्द अगदी चपखल बसला. पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाला त्यांनी पुराणातले पाताळ दिले, म्हणजे आजीकडून ऐकलेल्या गोष्टीचा धागा भूगर्भशास्त्राला जोडला. धूमकेतूला शेंडेनक्षत्र हा आपला जुना, घरगुती शब्द घेतला आणि त्याच्या आधी पत्राच्या पत्त्यात लिहितो तसे मुक्काम लावले. जणू उद्या पोस्टमन तिथे कार्ड टाकून येईल.

आपण राहतो त्या वस्तीचे नावच पडाव. पडाव म्हणजे मुक्काम, छावणीची जागा. स्वारी निघते, मुक्काम करते, पडाव टाकते. ज्या शब्दांनी आपल्या पूर्वजांचे उत्तरेकडचे प्रवास मोजले गेले, तेच शब्द या माणसाने चंद्र आणि धूमकेतूच्या प्रवासाला वापरले. त्यामुळे विज्ञान हे परक्या साहेबाचे काहीतरी न राहता मुलाला आपल्या घरचे वाटू लागले. त्यांच्या कामाचे मोल आम्हाला यातच दिसते.

व्हर्नने १८६५ मध्ये चंद्राची कथा लिहिली. तिच्यात फ्लोरिडातून तीन माणसे निघतात, आणि चंद्राला वळसा घातल्यावर पुढच्या भागात ती प्रशांत महासागरात येऊन पडतात. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ हे यान फ्लोरिडातूनच तीन माणसांना घेऊन उडाले आणि परतताना प्रशांत महासागरातच उतरले. व्हर्नच्या तोफेचे नाव कोलंबियाड होते, अपोलोच्या मुख्य यानाचे नाव कोलंबिया. अर्थात सगळेच बरोबर नव्हते. तोफेतून माणसे उडवली तर त्या धक्क्याने ती तिथल्या तिथे चिरडतील. पण मुलाने हा प्रश्न विचारावा, त्याचे गणित मांडावे, हाच तर अशा गोष्टींचा उपयोग. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी आली तेव्हा भागवतांची पुस्तके वाचलेल्या मराठी मुलाला ती चमत्कारासारखी वाटली नसणार. तो मनाने आधीच जाऊन आला होता.

बुंदेलखंडाचा कॅप्टन

आता आपल्या भागाशी थेट नाते असलेली गोष्ट. ‘समुद्र सैतान’ हे व्हर्नच्या १८७० च्या कादंबरीचे रूपांतर. तिच्यात नॉटिलस नावाची विजेवर चालणारी पाणबुडी आहे आणि तिचा कॅप्टन निमो. निमो म्हणजे कोणीही नाही. त्या कादंबरीत तो कोण, कुठला, जगावर का रुसला, हे शेवटपर्यंत कळत नाही. पुढे १८७४-७५ मध्ये आलेल्या एका गूढ बेटाच्या कादंबरीत व्हर्नने उलगडा केला. निमो हा हिंदुस्थानातला राजपुत्र. नाव डक्कर, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा. युरोपात शिकून आलेला, १८५७ च्या उठावात लढलेला. उठाव मोडला, त्याच्या शिरावर बक्षीस लागले, बायको-मुले गेली. मग त्याने जमिनीकडे पाठ फिरवली आणि समुद्राच्या पोटात घर केले.

आपल्याकडून झाशी जेमतेम शंभर किलोमीटर. वाटेत दतिया. तो सगळा बुंदेलखंडच. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई लढता लढता पडली ती आपल्या ग्वाल्हेरात. व्हर्न भारतात कधी आला नाही. तरी ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या त्याच्या नायकाला तो बुंदेलखंडातूनच नेतो आणि सतीच्या चितेवरून एका तरुणीची सुटका करायला लावतो. १८५७ ची धग पॅरिसमध्ये बसलेल्या लेखकापर्यंत पोचली आणि त्यातून जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पाणबुडीला एक बुंदेलखंडी कप्तान मिळाला.

त्या काळी पाणबुड्या होत्या, पण बाल्यावस्थेत. १९५४ मध्ये अमेरिकेने पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी पाण्यात सोडली तिचे नाव नॉटिलस ठेवले. १९५८ मध्ये ती बर्फाखालून उत्तर ध्रुवाला जाऊन आली. फुलबागेच्या समाधीवर नातवंडांना नेतो तेव्हा आता आम्ही राणीच्या गोष्टीनंतर निमोची गोष्टही सांगतो. पहिली इतिहासातली आहे आणि दुसरी कल्पनेतली, हा फरकही सांगतो. दोन्हींचे मूळ मात्र एकाच रणधुमाळीत आहे.

स्वतःच्या बळावर मासिक

भागवतांनी १९५१ मध्ये पत्नी लीलावतीबाईंच्या साथीने ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक काढले. लीलावतीबाई स्वतः मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि मुंबई आकाशवाणीच्या कार्यक्रमांतून घरोघरी ओळखीच्या झालेल्या. मागे मोठे वृत्तपत्र नाही, कोणी संस्थानिक नाही, सरकारी खाते नाही. नवरा-बायकोने जिद्दीने चालवलेला हा उद्योग होता. काही वर्षे तो चालला, मुलांना आवडला, आणि अखेर थांबला.

बँकेत लहान धंद्यांची कर्जप्रकरणे तपासण्यात आमची बरीच वर्षे गेली, त्यामुळे अशा मासिकाचा ताळेबंद न पाहताही आम्हाला तो साधारण कसा असेल हे कळते. कागद, छपाई, चित्रांचे ब्लॉक, टपाल हा खर्च दर महिन्याला ठरलेला. वर्गणी मात्र वर्षातून एकदा, तीही पालकाने आठवणीने पाठवली तर. किंमत वाढवता येत नाही, कारण खरेदी करणारा बाप असतो आणि वाचणारा मुलगा. जाहिरातदाराला मुलांच्या मासिकात रस नसतो. आणि ग्राहक दर तीन-चार वर्षांनी मोठा होऊन हातचा जातो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ग्राहक मिळवणे आले. असे प्रकरण आमच्या टेबलावर आले असते तर नियमाप्रमाणे आम्ही ते नाकारले असते, हे कबूल करायला हवे. नियम चुकीचे नव्हते. पण मुलांच्या मनात जे जमा होते ते कुठल्याच ताळेबंदात दाखवता येत नाही, हेही तितकेच खरे.

मासिक थांबले तरी भागवत थांबले नाहीत. रूपांतरे चालू राहिली, स्वतंत्र गोष्टीही आल्या. ‘उडती छबकडी’ ही त्यांची विज्ञानाच्या अंगाने जाणारी गोष्ट. उडत्या तबकडीची त्यांनी केलेली ही छबकडी पाहिली की शब्दांशी खेळण्याची त्यांची हौस कळते. बिपिन बुकलवार हा त्यांचा पुस्तकवेडा मुलगाही असाच. आडनावातच बुक. पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या मुलाला घरी टोमणे खावे लागतात. भागवतांनी त्यालाच गोष्टीचा नायक केला.

फुरसुंगीचा पोरगा

त्यांना सर्वांत मोठे नाव मिळाले ते फास्टर फेणेमुळे. बनेश फेणे, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. अंगाने काटकुळा, सायकलवर बसला की वारा. काही सुचले की तोंडाने ट्टॉक असा आवाज काढणार. या मालेची वीस पुस्तके झाली. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो, विमानचोरांशी सामना करतो, चीनच्या आक्रमणाच्या काळात सीमेकडे पोचतो.

फेणेच्या गोष्टी विज्ञानकथा नव्हेत, पण व्हर्नचा संस्कार त्यांत स्पष्ट आहे. फेणेजवळ जादूची अंगठी नाही, देव प्रसन्न झालेला नाही, अंगात राक्षसी बळ नाही. त्याच्याजवळ उघडे डोळे, चालणारे डोके आणि एक सायकल आहे. पाहायचे, विचार करायचा, मग धावायचे. व्हर्नचे शास्त्रज्ञही हेच करतात.

आमच्या लहानपणी ग्वाल्हेरात ही पुस्तके सहज मिळत नसत. पुण्याची आत्या किंवा मामा उन्हाळ्यात आला की त्याच्या ट्रंकेतून एखादे निघे आणि मग ते सगळ्या आळीत फिरे. परत येईपर्यंत त्याची पहिली आणि शेवटची पाने गेलेली असत. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन पडाव ते स्टेशन भरधाव जाताना आमच्यातला प्रत्येक जण फेणे होता.

आज मोठेपणी वाचताना उणिवाही दिसतात. योगायोग फार जुळून येतात, खलनायक लवकर हाती लागतात, मुलींना वाव कमी आहे. त्या काळच्या बहुतेक बालसाहित्याबद्दल हे म्हणता येईल. पण वाक्य कुठे अडखळत नाही, उपदेश कुठे माथी मारलेला नाही, आणि मुलाला कमी समजणारा सूर एकदाही लागत नाही.

मागे राहिलेले

भागवतांच्या हयातीतच, १९८७ च्या सुमारास, फास्टर फेणे दूरदर्शनवर आला. सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली. ते गेल्यानंतर सोळा वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेय वाघ यांचा चित्रपट आला. त्यात दिलीप प्रभावळकरांनी चक्क भा. रा. भागवतांचीच भूमिका केली. लेखक स्वतःच पात्र होऊन आपल्या नायकाला भेटतो, असे भाग्य मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. लीलावतीबाई २०१३ मध्ये गेल्या.

दरम्यान मराठी विज्ञानकथेचे झाड चांगले वाढले होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्यासारखे लेखक आले. या लेखकांना वाचक लाभला, तो काही आकाशातून पडला नव्हता. लहानपणी चंद्रावर स्वारी करून आलेली मुलेच मोठी होऊन या कथा वाचत होती.

आता पुन्हा नातवाच्या प्रश्नाकडे. आपल्या मुलांना मराठी ऐकून समजते, थोडी बोलताही येते, पण वाचत नाहीत, ही तक्रार आपण प्रत्येक बैठकीत करतो. परदेशातल्या मराठी घरांना लिपीपासून सुरुवात करावी लागते. आपल्याला तेवढीही अडचण नाही. हिंदीमुळे देवनागरी मुलांना पहिलीपासून येते. ळ अक्षर आणि थोडे शब्द शिकले की पुस्तक उघडता येते. उणीव आहे ती हाती पुस्तक देणाऱ्याची, म्हणजे आपलीच.

आम्ही त्या सुट्टीत फेणेचे एक पुस्तक काढून रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिले चार दिवस नातू कंटाळला. फुरसुंगी कुठे, ट्टॉक म्हणजे काय, असे विचारत राहिला. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्हाला यायला उशीर झाला, तर त्याने पुढची पाने स्वतःच वाचून टाकली होती. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा होत्या. सतरा रेघा, आम्ही मोजल्या. परत जाताना त्याने पाणबुडीचे पुस्तक मागून नेले.

आमची मंडळींना विनंती एवढीच. ज्यांच्या घरी भा. रा. भागवतांची पुस्तके असतील, त्यांनी ती कपाटातून बाहेर काढावी. वाचून झालेली मंडळाच्या वाचनालयाला द्यावी, पाने सुटली असतील तर बांधून घेऊ. येत्या २७ ऑक्टोबरला तांब्यांची कविता म्हणूया आणि त्याच संध्याकाळी मुलांकडून भागवतांची एक गोष्टही वाचून घेऊया. दोन्ही भा. रा. आपलेच आहेत.